अहमदनगरचे ‘शत्रू’ आणि लंडनचे दफ्तर

१/७
अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) म्हटले की १९४२ आठवते: भुईकोट किल्ला आणि त्यात स्थानबद्ध असलेले नेहरू, पटेल, मौलाना आझाद. त्याच्या तीनच वर्षे आधी या शहरात निराळे स्थानबद्ध आणले गेले होते. त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही.

२/७
३ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि हिंदुस्थानातील जर्मन पुरुष ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. त्यांची रवानगी अहमदनगरच्या छावणीत झाली. एसएस या नाझी संघटनेचा सदस्य असलेला गिर्यारोहक हाइनरिक हारर तेथे होता. त्याच कुंपणाआड हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते.

३/७
दैवदुर्विलास असा की १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीने ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क हिरावून घेतले होते. मायदेशाने ज्यांना परके ठरवले, त्यांना हिंदुस्थान सरकारने जर्मन ठरवले.

४/७
मुंबईतील ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ने त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. चौकशी समितीने एकेकाची छाननी केली आणि बहुतेक ज्यू निर्वासित मुक्त झाले. पुढे १९४०मध्ये युद्धाचे पारडे फिरताच काहींना पुन्हा स्थानबद्धता आली.

५/७
सरकारी कागद माणसाचे राष्ट्रीयत्व नोंदवतो. तो घर सोडून का पळाला, हे कोण नोंदवणार? हे काम आल्फ्रेड वीनर या जर्मन ज्यू विद्वानाने अंगावर घेतले. १९३३मध्ये देश सोडून त्यांनी ॲमस्टरडॅममध्ये नाझी छळाचे पुरावे जमवण्यास आरंभ केला. नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली. त्यानंतर वीनर यांच्या कार्यालयाने साडेतीनशेहून अधिक साक्षी टिपून घेतल्या.

६/७
हे दफ्तर लंडनला हलवले गेले आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले त्याच दिवशी, तेथे खुले झाले. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत त्यातील सामग्री उपयोगी पडली. १९५०च्या दशकात एफा राइखमान यांच्या देखरेखीखाली एक हजाराहून अधिक प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी गोळा झाल्या. वीनर यांच्या पत्नी मार्गारेटे मात्र बेर्गन-बेल्सन छळछावणीतून सुटल्यानंतर लगेचच, १९४५मध्ये, मरण पावल्या.

७/७
अहमदनगरच्या नोंदीत हारर आणि ज्यू निर्वासित, दोघांचीही ओळख एकच: जर्मन. केवळ तेवढाच कागद उरला असता, तर छळणारा आणि छळलेला यांतील भेद इतिहासातून पुसला गेला असता. तो भेद जपण्यासाठी पीडितांची साक्षही जपावी लागते.