नियमांत नसलेली जोडी

मतदानाच्या दिवशी सत्ताधारी पक्षाचा एखादा खासदार आजारी असला, तर विरोधी बाकांवरचाही एक जण मतदानापासून दूर राहतो. दोन्हीकडचं एकेक मत वजा होतं आणि फरक जागच्या जागी राहतो. ब्रिटिश संसदेतल्या या व्यवस्थेला ‘पेअरिंग’ म्हणतात. सभागृहाच्या नियमांत तिला जागा नाही. ती चालते केवळ दिलेल्या शब्दावर.

सुरुवातीला तर तिला बंदीच होती. सदस्यांनी आपसांत ठरवून कामकाजाला गैरहजर राहू नये, राहिल्यास कठोर कारवाई होईल, असा ठराव हाउस ऑफ कॉमन्सने १७४३-४४ साली केला. तो कागदावरच राहिला. पुढे पक्ष बांधीव झाले, मतांची मोजदाद प्रतोदांकडे गेली आणि दोघांमधली खासगी सोय प्रतोदांच्या कारभाराचा भाग बनली. अमेरिकेत १८४० मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी अशा जोड्यांच्या निषेधाचा ठराव मांडला, तरी तिथेही प्रथा टिकली.

तिचा कस लागतो तो काठावरच्या बहुमतात. २७ मे १९७६ रोजी विमान आणि जहाजबांधणी उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर मजूर सरकार एका मताने तरलं. जोडी मोडून मत टाकलं, असा आरोप करत हुजूर पक्षाने पेअरिंग काही काळ थांबवलं.

मग आली २८ मार्च १९७९ ची रात्र. अविश्वास ठराव होता आणि मजूर पक्षाचे अल्फ्रेड ब्रॉटन अत्यवस्थ होते. त्यांच्यासाठी जोडी मागायला उपमुख्य प्रतोद वॉल्टर हॅरिसन हुजूर पक्षाच्या बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे गेले. अशा मतदानाला आमचा कुणी तयार होणार नाही, असं वेदरिल म्हणाले आणि मग स्वतःच गैरहजर राहायची तयारी त्यांनी दाखवली. त्यात त्यांची कारकीर्द संपली असती. हॅरिसन यांनी ते मान्य केलं नाही. सरकार ३११ विरुद्ध ३१० असं पडलं. पाच दिवसांनी ब्रॉटन गेले. सत्ता पणाला लागलेली असताना दोन विरोधकांनी एकमेकांची एवढी बूज राखल्याचं उदाहरण विरळाच.

१७ जुलै २०१८ रोजी मात्र उलटं घडलं. नुकत्याच बाळंत झालेल्या विरोधी खासदार जो स्विन्सन यांच्याशी जोडी असूनही हुजूर पक्षाचे अध्यक्ष ब्रँडन लुइस यांनी ब्रेक्झिटशी निगडित मतदानात मत टाकलं. नजरचुकीने झालं, असं पक्षाने सांगितलं. पण बाळंतिणीचं मत समोरच्या पक्षाच्या भरवशावर का सोडायचं, हा प्रश्न रास्तच होता. जानेवारी २०१९ मध्ये खासदार ट्युलिप सिद्दीक सिझेरियन पुढे ढकलून व्हीलचेअरवरून मतदानाला आल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस कॉमन्सने नव्या आईबापांना दुसऱ्या सदस्यामार्फत मत देण्याची मुभा दिली. २०२० मध्ये ती कायम झाली, आणि पुढे दीर्घ आजारी सदस्यांनाही मिळाली.