१५ डॉलरचं टेबल स्वस्त की ५० डॉलरचं? ब्लॅकजॅकच्या टेबलावरची पाटी कशी वाचायची

लास वेगासच्या कुठल्याही कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलावर एक छोटी पाटी असते. तिच्यावर दोन आकडे ठळक दिसतात: कमीत कमी किती पैज लावायची आणि जास्तीत जास्त किती. नवखा पर्यटक पहिला आकडा बघतो, १५ डॉलरचं टेबल शोधतो आणि पैसे वाचवल्याच्या आनंदात खुर्ची ओढतो. पण त्याला खरंच महाग पडणारी गोष्ट बहुतेक वेळा त्या आकड्यात नसते. ती टेबलावरच्या हिरव्या कापडावर छापलेल्या एका ओळीत असते. तिथे 'ब्लॅकजॅकला ३:२' असं लिहिलंय की '६:५', यावर संध्याकाळचा हिशोब ठरतो.

आधी खेळ काय आहे ते

ब्लॅकजॅक म्हणजे एकवीसचा खेळ. इथे तुमची लढत शेजाऱ्याशी नसते, फक्त डीलरशी असते. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पत्त्यांची किंमत त्यांच्या आकड्याइतकी. गुलाम, राणी आणि राजा प्रत्येकी १०. एक्का तुमच्या सोयीप्रमाणे १ किंवा ११. तुम्हाला दोन पत्ते मिळतात. डीलरही दोन घेतो, त्यातला एक उघडा ठेवतो. तुम्ही आणखी पत्ता मागू शकता, थांबू शकता, पैज दुप्पट करू शकता, किंवा दोन पत्ते सारखे असतील तर त्यांचे दोन डाव करू शकता. बेरीज २१ च्या पुढे गेली की डाव गेला. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि १० किमतीचा पत्ता आला तर त्याला ब्लॅकजॅक म्हणतात आणि त्याचे पैसे जास्त मिळतात.

डीलरला डोकं चालवायची मुभा नसते. १६ पर्यंत त्याला पत्ता घ्यावाच लागतो, १७ ला थांबावं लागतं. मग कॅसिनो कमावतं कसं? तुम्ही आधी खेळता, म्हणून. तुम्ही २१ ओलांडलं की पैसे लगेच जातात, मग पुढच्या मिनिटाला डीलरही फुटला तरी ते परत येत नाहीत. कॅसिनोचा सगळा नफा मूळात या एका क्रमावर उभा आहे. ब्लॅकजॅकचे जादा पैसे, दुप्पट करण्याची सोय, डाव फोडण्याची सोय या सवलती तो नफा कमी करण्यासाठी दिलेल्या असतात. त्यामुळे यातली एक जरी काढून घेतली तरी पारडं कॅसिनोकडे झुकतं.

आपल्याकडच्या पत्त्यांच्या क्लबात मालक प्रत्येक डावातून 'नाल' कापतो, ती डोळ्यांना दिसते. ब्लॅकजॅकमधली नाल नियमांत मिसळलेली असते. तिला 'हाऊस एज' म्हणतात: लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी किती कॅसिनोकडे राहतात, तो टक्का. चांगल्या नियमांच्या टेबलावर गणिताने सिद्ध झालेली पद्धत चोख पाळली, तर हा टक्का अर्ध्याच्या आसपास येतो. कॅसिनोतल्या खेळांमध्ये ही फार कमी नाल आहे. अमेरिकेतल्या दोन शून्यांच्या रूलेटमध्ये ती ५.२६ टक्के असते.

३:२ आणि ६:५ मधला फरक

१५ डॉलर लावलेत आणि ब्लॅकजॅक आला. ३:२ च्या टेबलावर २२.५० डॉलर मिळतात, ६:५ च्या टेबलावर १८. एका डावाला साडेचार डॉलर कमी. 'सहाला पाच' ऐकायला 'तीनाला दोन'पेक्षा मोठं वाटतं, हीच त्यातली गंमत आहे. एकाच मापात आणलं तर ३:२ म्हणजे दीडपट आणि ६:५ म्हणजे सव्वापटीपेक्षाही कमी, १.२ पट.

ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो. त्यामुळे हा एक बदल हाऊस एजमध्ये जवळपास १.४ टक्क्यांची भर घालतो. अर्ध्या टक्क्याच्या खेळात १.४ ची भर म्हणजे कॅसिनोची सरासरी कमाई थेट तिप्पट-चौपट होणं.

आता पाटीकडे परत जाऊ. तासाला ७० डाव होतात असं धरू. बाकीचे नियम सगळीकडे सारखे आणि ३:२ ला हाऊस एज ०.६ टक्के असं मानू.

१५ डॉलरचं टेबल, ६:५. तासाभरात एकूण १,०५० डॉलर पैजेवर लागतात. २ टक्क्यांनी सरासरी तोटा २१ डॉलर.

२५ डॉलरचं टेबल, ३:२. एकूण १,७५० डॉलर लागतात, तोटा साधारण साडेदहा डॉलर.

५० डॉलरचं टेबल, ३:२. एकूण ३,५०० डॉलर लागतात, तोटा पुन्हा २१ डॉलर.

म्हणजे १५ च्या 'स्वस्त' टेबलावर बसलेला आणि शेजारी ५० च्या टेबलावर बसलेला, दोघे सरासरीने तेवढंच भाडं भरतात. २५ वाला त्यांच्या निम्म्याने.

मग सरळ उठून ५० च्या टेबलावर जावं का? तसं नाही. सरासरी तोटा आणि एका रात्रीचा प्रत्यक्ष तोटा या वेगळ्या गोष्टी आहेत. ७० डावांत नशिबाचा झोका सहज नऊ-दहा पैजांइतका वर किंवा खाली जातो. १५ च्या टेबलावर तो दीडशे डॉलरच्या आसपास असतो, ५० च्या टेबलावर पाचशेच्या जवळ. आणि हा काही सर्वात वाईट तास नव्हे, नेहमीचा आहे. खिशात ३०० डॉलर घेऊन ५० च्या टेबलावर बसणाऱ्याचं नियमांचं गणित कितीही बरोबर असलं, तरी सहा डाव हरले की तो बाहेर. कॅसिनोला हे पक्कं माहीत असतं. म्हणूनच लास वेगासच्या मुख्य रस्त्यावर, म्हणजे स्ट्रिपवर, चांगले नियम बऱ्याचदा मोठ्या पैजेच्या टेबलांवर मिळतात आणि कमी पैजेच्या टेबलांवर ६:५ मांडलेलं असतं. थोडे पैसे घेऊन आलेल्याकडून टक्का जास्त.

मिनिमम ठरतं कसं

एका टेबलावर साधारण सातपर्यंत खुर्च्या असतात. डीलरचा पगार, देखरेख करणारा माणूस, कॅमेरे, जागा हा खर्च टेबलावर १५ लागो की १००, तोच राहतो. त्यामुळे गर्दी वाढली की पाटी बदलते. मंगळवारी सकाळी १५ चं असलेलं टेबल शुक्रवारी रात्री २५ किंवा ५० चं होतं. आधीपासून बसलेल्यांना काही कॅसिनो जुन्या आकड्यावर खेळू देतात. कोरोनाच्या साथीनंतर स्ट्रिपवरचे आकडे चढेच राहिले आहेत.

जागा बदलली की नियमही बदलतात. वेगासचा जुना भाग फ्रीमाँट स्ट्रीटच्या बाजूला आहे. (गंमत म्हणजे स्ट्रिपचा मोठा भाग कागदोपत्री लास वेगास शहराच्या हद्दीत येतच नाही, तो क्लार्क काउंटीत आहे.) जुन्या भागात मिनिमम सहसा कमी असतं. तिथलं १९४१ पासूनचं 'एल कोर्टेझ' कॅसिनो एका कॅटच्या ३:२ खेळासाठी ओळखलं जातं.

'एका कॅटचा खेळ' हे शब्द मात्र जपून ऐकावेत. आठऐवजी एकच कॅट वापरला तर बाकी सगळं सारखं असताना खेळाडूचा अर्धा टक्का वाचतो, हे खरं. पण २००० नंतरच्या दशकात स्ट्रिपवरच्या कॅसिनोंनी हीच ख्याती वापरून एका कॅटची टेबलं ६:५ ने मांडली. अर्धा टक्का हातात ठेवला आणि दुसऱ्या हाताने १.४ काढून घेतला.

आणखी काय वाचायचं

कापडावरची दुसरी ओळ 'सॉफ्ट १७' ची असते. एक्का ११ धरून झालेल्या १७ ला, म्हणजे एक्का आणि छक्का आल्यावर, डीलर थांबतो की पत्ता घेतो? घेत असेल तर तुमचं साधारण ०.२ टक्के नुकसान. डाव फोडल्यावर पैज दुप्पट करू देतात का? देत असतील तर ०.१४ टक्के फायदा. हे सगळं ६:५ पुढे किरकोळ आहे. एकच गोष्ट तपासायची असेल तर ३:२ तपासावं.

डीलरचा उघडा पत्ता एक्का असला की तो 'इन्शुरन्स' विचारतो. नाव विम्याचं असलं तरी ती वेगळी पैज आहे: डीलरकडे ब्लॅकजॅक निघेल यावर. सहा-आठ कॅटच्या खेळात तिच्यावर कॅसिनोचा वाटा सात टक्क्यांहून जास्त पडतो. कडेला काढलेल्या गोलांमधल्या जोडीच्या वगैरे पैजाही सहसा मूळ खेळापेक्षा कितीतरी महाग असतात.

'फ्री बेट' नावाच्या प्रकारात दुप्पट करण्याचे आणि डाव फोडण्याचे पैसे बरेचदा कॅसिनोच घालतं. बदल्यात डीलरची बेरीज २२ झाली तर तो फुटला असं धरत नाहीत, डाव बरोबरीत सोडतात. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत त्या २२ मध्ये वसूल होते.

वेगही बघायला हवा. भरलेल्या टेबलावर तासाला ६० च्या आसपास डाव होतात, एकटेच बसलात तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. तोटा डावांवर चालतो, घड्याळावर नाही. रिकामं टेबल बघून आनंदणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

हे गणित कोणी मांडलं

१९५६ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या चार तरुणांनी, म्हणजे बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमॉट यांनी, टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून ब्लॅकजॅक खेळण्याची सर्वोत्तम पद्धत शोधली. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ती छापून आली. पुढे गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम ७०४ संगणक वापरून दाखवलं की निघून गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर पारडं खेळाडूकडेही झुकू शकतं. १९६२ मध्ये त्यांचं 'बीट द डीलर' आलं आणि खपलंही जोरात.

कॅसिनो घाबरले. १९६४ च्या एप्रिलमध्ये लास वेगासच्या हॉटेलांनी मिळून दुप्पट करण्यावर आणि एक्के फोडण्यावर बंधनं आणली. पत्ते मोजणारे मूठभर होते, पण रागावले सगळेच. गिऱ्हाईक टेबलांवरून उठलं आणि काही आठवड्यांत जुने नियम परत आले. ६:५ ने त्याहून जास्त काढून घेतलं, तरी तसं काही झालं नाही. १९६४ मध्ये खेळाडूला 'हे करू नका' असं तोंडावर सांगितलं होतं. ६:५ मध्ये कोणी काही मनाई करत नाही, फक्त चिप्स थोड्या कमी सरकतात.

डोक्यात पत्ते मोजणं अमेरिकेत गुन्हा नाही. नेवाडात कॅसिनो अशा माणसाला बाहेर काढू शकतं. न्यू जर्सीत मात्र केन उस्टन या खेळाडूच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये कॅसिनोला तो अधिकार स्वतःहून नाही असा निकाल दिला. म्हणून अटलांटिक सिटीत कॅसिनो मोजणाऱ्याला घालवत नाहीत, पत्ते लवकर पिसतात.

गोव्यात आणि महाराष्ट्रात

डीलरने हाताने पत्ते वाटायचं टेबल मराठी वाचकाला सर्वात जवळ मिळतं ते पणजीसमोर मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली. नंतरच्या दुरुस्तीने समुद्रातल्या जहाजांवर टेबलावरचे खेळही आले. प्रवेशासाठी वय २१ लागतं. इथे पाटी वाचण्याआधी प्रवेशाचं पॅकेज वाचावं लागतं, कारण त्यात जेवण, पेय आणि काही चिप्स एकत्र बांधलेल्या असतात. त्यातल्या किती चिप्सचे पैसे परत मिळतात आणि किती फक्त एकदा खेळायच्या, हे आधीच विचारलेलं बरं.

आणि इथे हाऊस एजपेक्षा मोठा आकडा कराचा आहे. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत विकत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. एखाद्याने १०,००० रुपयांच्या चिप्स घेतल्या आणि ५०० रुपयांचे ६० डाव खेळले, तर पैजेवर एकूण ३०,००० रुपये लागतात. ०.६ टक्क्याने सरासरी तोटा १८० रुपये. त्याच १०,००० वरचा कर ४,००० रुपये. कॅसिनोने तो वेगळा दाखवला काय किंवा पॅकेजमध्ये मुरवला काय, ३:२ शोधून वाचवलेले पैसे दारातच संपतात.

महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही. २०२३ मध्ये तो रद्दच झाला. राज्यात जुगारावर १८८७ चा प्रतिबंधक कायदा लागू आहे. फोनवर 'लाइव्ह डीलर ब्लॅकजॅक'च्या जाहिराती येत असतील, तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या आर्थिक व्यवहारांवर बंदी घालणारा कायदा केला आहे. अशा ॲपवर कापडावर ३:२ छापलेलं दिसलं, तरी जिंकलेले पैसे अडकल्यावर दाद मागायला खिडकी नसते.