दहा दिवसांची भाषा

भाषा घडण्यास शतके लागतात, असे आपण मानतो. परंतु आज कोट्यवधी भ्रमणध्वनींवर चालणारी एक संगणकभाषा अवघ्या दहा दिवसांत आकारास आली. १९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना सिद्ध केला. वेबपानांत थोडी हालचाल आणावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. १९९७ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले आणि ती एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही.

२००७ मध्ये आयफोन आला, तेव्हा बाहेरच्यांनी आपली ॲप वेबच्याच भाषांत लिहावीत, असे स्टीव्ह जॉब्ज यांनी सांगितले. वर्षभरातच हे धोरण बदलले. मग आयफोनसाठी ऑब्जेक्टिव्ह-सी आणि अँड्रॉइडसाठी जावा, अशी एकाच कामाची दोनदा मांडणी करणे आले. हा दुहेरी खटाटोप टाळण्यासाठी २००८ मध्ये फोनगॅप व २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह या चौकटी निघाल्या. पहिली चौकट वेबपानालाच ॲपचे वेष्टन घाली. दुसरी जावास्क्रिप्टच्या आज्ञेवरून फोनची स्वतःची बटणे व याद्या पडद्यावर उभ्या करते. २०२० मध्ये अडोबीने फोनगॅपचा विकास थांबविला. चौकट गेली, भाषा राहिली.

श्रोतेहो, चाळिशीनंतर ही विद्या शिकताना मीही प्रथम चौकटीच्याच आज्ञा घोकल्या. कचेरीत अर्जाचे नमुने बदलतात, कायद्याचे सूत्र टिकते, हे ठाऊक असूनही! नवशिक्याने आधी भाषा आत्मसात करावी. मग कोणतीही चौकट परकी वाटत नाही.