पाडव्याची सुपारी

पिंपरी पेंढारहून नारायणगावला गावच्या यात्रेचा तमाशा ठरवायला मी पहिल्यांदा गेलो तो वडिलांच्या मागे, आळेफाट्याला एसटी बदलून. पिशवीत नारळ आणि वडिलांच्या बंडीच्या आतल्या खिशात गावच्या वर्गणीचे पैसे.

महाशिवरात्रीच्या सुमारास तिथे राहुट्या पडतात आणि पाडव्याला सुपाऱ्या, म्हणजे खेळांचे करार, ठरतात. प्रत्येकीवर फडाच्या नावाचा मोठा फलक, त्यावर नायिकेचं रंगीत चित्र. आत टेबल, सुपारीची वही आणि भिंतीला चैत्र-वैशाखाची पानं दिसतील असं लावलेलं कॅलेंडर. पंच मंडळी फलक बघत फिरत होती. वडील मात्र सरळ एका राहुटीत शिरले. मालकाने वही उघडायच्या आधी चहा सांगितला आणि विचारलं, "विहिरीला पाणी आहे का औंदा?"

बाहेर आल्यावर मी विचारलं, बाकीचे भाव का नाही काढले? वडील म्हणाले, "हे दरसाल दिवस मावळायच्या आत येतात. सकाळची हजेरी चुकवत नाहीत."

एवढंच होतं बघा. रात्रीच्या वगाला शिट्ट्या पडतात, पण गाव फड जोखतं ते सकाळच्या हजेरीवर. रात्रभर नाचलेल्या बाया, जागरणाने डोळे तांबारलेले, तरी देवापुढे उभ्या राहून गातात. ते गाव विसरत नाही.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात, ते विठाबाईंच्या गावाला शोभतं. भाऊ मांग नारायणगावकरांची ही लेक. १९६२च्या युद्धात जवानांसमोर सीमेवर जाऊन नाचली. खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही हकीगत आमच्याकडे म्हाताऱ्या बायाही सांगतात. २००२ साली विठाबाई गेल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. मला विचाराल तर 'विठाबाईंचा फड' या दोन शब्दांवर लोक बैलगाड्या जुंपून येत, यापेक्षा मोठी जाहिरात मी पाहिली नाही.

धंद्याची खरी कसोटी तिथीला लागते. चैत्री पौर्णिमेला शंभर गावांच्या यात्रा, आणि फड एका रात्री एकाच गावात उभा राहणार. त्या दिवसाचा भाव चढतो. अशा वेळी आमच्या मालकाने जादा पैसे देणाऱ्या गावाला नाही म्हणून आमची तारीख राखलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका साली तरण्या पोरांनी हट्टाने दुसरा फड आणला. फलकावर होती ती गायिका आलीच नाही. पुढच्या पाडव्याला तीच पोरं गुपचूप जुन्या राहुटीत जाऊन बसली. मालकाने जुनं काही काढलं नाही, चहा सांगितला.

२०२०चा पाडवा २५ मार्चला आला. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. ऐन सुपारीच्या दिवसांत राहुट्या ओस पडल्या, फडांतली माणसं हातावर हात ठेवून घरी बसली. आमच्या गावाने दिलेला इसार परत मागितला नाही. यात्रा कमिटीच्या बैठकीत त्यावर दोन मिनिटंसुद्धा चर्चा झाली नाही.

यंदा कुणी पंच म्हणून नारायणगावला जाणार असाल, तर एक करा. ठरलेली बाकी हजेरी संपल्यावर लगेच, ट्रक भरायच्या आत, मालकाच्या हातात द्या. त्यांना त्याच रात्री पुढच्या गावात उभं राहायचं असतं.