चिरेबंदी वाड्यातील दगड : मेणवलीच्या वास्तूवरून एक विचार

१

थोर घराण्याच्या जुन्या घराचा उल्लेख 'चिरेबंदी वाडा' या शब्दांनी करण्याची मराठीत रीत आहे. 'चिरा' म्हणजे घडून काटकोनात आणलेला दगड. 'बंदी' हे बांधणीचा अर्थ देणारे, फारसीतून आलेले पद. हा समास कानी पडताच सर्व वास्तू पायापासून आढ्यापर्यंत दगडात उभी असावी, असा ग्रह होतो. पुण्याचा शनिवारवाडा पाहिल्यावर तो अधिकच दृढ होतो. कारण १८२८ च्या आगीनंतर तेथे उरले ते तट, दरवाजे, जोती आणि हौद. राहते घर जळून गेले आणि घराचा पायथा तेवढा शिल्लक राहिला. जे उरले त्यावरून जे गेले त्याची कल्पना करणे इतिहासात नेहमीच धोक्याचे असते. मराठा काळातील मोठ्या घरात दगडाचे नेमके स्थान कोणते होते, हे ठरवावयाचे तर अद्याप उभी असलेली वास्तू तपासणे आवश्यक आहे. या दृष्टीने वाईजवळील मेणवली येथील नाना फडणिसांचा वाडा विशेष उपयोगी ठरतो.

२

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस (१७४२–१८००) यांना मेणवली हा गाव १७६८ मध्ये भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी व रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून इनाम मिळाला. त्यानंतर कृष्णेच्या काठी वाडा, घाट आणि मंदिरे उभी राहिली. पुण्याचा वाडा हे नानांचे कारभाराचे ठिकाण, तर मेणवलीचा वाडा हे गावाकडील घर. मात्र 'गावाकडील घर' म्हणजे केवळ विश्रांतिस्थान असे समजू नये. द. ब. पारसनीस यांनी अभ्यासकांपुढे आणलेले प्रसिद्ध मेणवली दप्तर याच वाड्यातील होय.

वाड्याची रचना सहा चौकांची आहे. मागील बाजूने नदीकडे उतरले की अर्धचंद्राकृती दगडी घाट, मेणेश्वराचे व विष्णूचे अशी दोन मंदिरे, आणि एका लहान मंडपात टांगलेली पोर्तुगीज घंटा दृष्टीस पडते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर ज्या घंटा घाटावर आल्या, त्यांपैकी ही एक होय.

घाटाकडून वाड्याकडे पाहत गेल्यास दगडाचे प्रमाण क्रमाने कमी होत जाते. घाट सर्वस्वी दगडाचा. वाड्याचे जोते दगडाचे. त्यावरील भिंतींत वीट आणि चुना. आत शिरल्यावर खांब, तुळया, कडीपाट हे सर्व लाकडाचे. भिंतींच्या गिलाव्यावर चित्रे रंगविलेली आहेत. पाषाणाचा वरचष्मा पाण्याजवळ आहे. माणूस जेथे बसतो, निजतो, कागद लिहितो, तेथे लाकडाचे राज्य आहे.

३

हा क्रम कशामुळे आला? शनिवारवाड्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते, ती अशी की, दगडी इमारत बांधण्याचा अधिकार केवळ छत्रपतींचा असल्यामुळे पेशव्यांना वरचे काम विटांचे करावे लागले. ही कथा मेणवलीस लावून पाहिली तर टिकत नाही. शाहू महाराजांचे निधन १७४९ मधील. मेणवलीचे बांधकाम त्यानंतर दोन दशकांनी सुरू झालेले. तोवर कारभाराची सूत्रे पुण्यास स्थिरावली होती, तरीही बांधणीची पद्धती तीच राहिली. मनाई केवळ राहत्या घरापुरती होती, घाटाला व देवळाला नव्हती, असा आक्षेप घेता येईल. परंतु देशावरील पाटील-देशमुखांच्या गढ्यांतही खाली दगड आणि वर पांढरी माती किंवा वीट असाच क्रम आढळतो. प्रत्येक गढीसाठी साताऱ्याहून मनाई झाली असेल, असे मानणे कठीण आहे.

कारण सामग्रीच्या गुणांतच शोधले पाहिजे. नवी मुंबईलगतच्या पारसिकच्या डोंगरापासून वाईच्या पांडवगडापर्यंत सह्याद्रीचा खडक एकाच जातीचा, काळा व कठीण. तो भार उत्तम पेलतो, पाण्याला दाद देत नाही. म्हणून पाया, जोते आणि घाट त्याचे. परंतु आडवा टाकलेला दगड वाकताच तुटतो. देवळाच्या मंडपात खांब दाट असले तरी चालते. पंगत बसावयाची, कचेरी भरावयाची त्या घरात ते चालत नाही. तेथे सागाची तुळई हवी. खांबाच्या बुडाशी मात्र दगडाचा तळखडा येतो, कारण ओल आणि वाळवी यांना तेथेच अडवावयाचे असते.

४

या निष्कर्षाला भाषेचाही आधार मिळतो. वाड्याचे माप खोल्यांच्या संख्येने सांगत नसत, ते खणांनी सांगत : पाचखणी सोपा, सातखणी माजघर. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर. म्हणजे घर मोजण्याचे परिमाण लाकडावरून ठरलेले आहे, चिऱ्यावरून नव्हे. शोभेच्या कामाचे शब्द पाहिले तर महिरप, तक्तपोशी, सुरूदार खांब, दिवाणखाना हे अरबी-फारसी वळणाचे. जोते, खांब, तुळई, उंबरा, माजघर हे देशी. दरबारी संस्कृतीने घराचे दर्शनी रूप नटविले. घराचा सांगाडा आणि त्यातील संसार जुन्याच शब्दांत राहिला.

'चिरा' हा शब्दही सर्वत्र एकाच दगडाचा वाचक नाही. दक्षिण कोकणात चिरा म्हणजे प्रायः जांभ्याचा. देशावर तो काळ्या पाषाणाचा. तेव्हा 'चिरेबंदी' हे दगडाच्या जातीचे नाव नसून घडाईचे आणि ऐपतीचे नाव आहे. वाटेने जाणाऱ्याला घराचे जोते आणि बाहेरची भिंत दिसते. त्याच्या दृष्टीने वाडा चिरेबंदी. सुताराच्या आणि घरच्यांच्या दृष्टीने तोच वाडा इतक्या खणांचा. एका घराची ही दोन वर्णने आहेत आणि इतिहासलेखनाने आजवर पहिल्यावरच अधिक विसंबून काम केले आहे.

५

हा भेद केवळ शब्दांचा नाही. ज्या वास्तूला आपण दगडी म्हणतो, तिची निगा दगडाच्या हिशेबाने राखली जाते : तट सावरतात, पायऱ्या नीट करतात. परंतु वाडा पडतो तो तुळई कुजल्यामुळे, कौले सरकून पाणी भिंतीत उतरल्यामुळे. जोते शतकानुशतके टिकते, आणि ते टिकले म्हणून वाडा टिकला असा भ्रम होतो. शनिवारवाड्याच्या बाबतीत जे एका आगीत घडले, ते गावोगावच्या वाड्यांत पावसाळ्यामागून पावसाळा घडत असते. शेवटी उरते ते दगडी जोते, आणि पुढची पिढी त्यालाच वाडा समजते.

मेणवलीचे महत्त्व यातच आहे. तेथे जोत्यावरचे घरही शिल्लक आहे, आणि त्या घरातील कागदही अभ्यासकांच्या हाती आले आहेत. जुन्या वाड्यांची मापे घेताना चौक, खण, सोपा, देवडी ही त्या त्या ठिकाणची नावेही टिपली पाहिजेत. खण कोठे संपतो हे सांगणारा सुतार आणि त्याचा शब्द हे दोन्ही नाहीसे झाल्यावर उरलेल्या चिऱ्यांवरून घर पुन्हा वाचता येणार नाही.