दातेरी पट्ट्याची बखर

आमच्या अंगणातल्या फरशीवर, जुन्या मोटारीखाली, तेलाचा रुपयाएवढा डाग पडू लागला. तो बशीएवढा होईपर्यंत मी थांबलो. हा आमच्या घराण्याचाच गुण आहे. शेवटी एका रविवारी पुतण्याला हाताशी घेतले आणि इंजिनाच्या बाजूचे झाकण उघडले. आतला रबरी पट्टा तेलाने ओला झाला होता.

“काका, पट्टा तर धडधाकट दिसतोय. मग बदलायचा कशाला?” त्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. पण उत्तरासाठी बरेच मागे जावे लागते. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, वर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट. खालच्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा एक व्हायचा, हा नियम. हा मेळ पूर्वी दंतचक्रे किंवा लोखंडी साखळी राखीत असे. आपल्या ओळखीची जुनी अॅम्बॅसडर आणि पद्मिनी, दोघीही साखळीवाल्याच. साखळी तेलात न्हात असते आणि सैल पडली की खडखडते. बिचारी मालकाला आधी सांगून ठेवते.

पट्ट्याचा जन्म मात्र मोटारीसाठी झालाच नाही! १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या एका रबर कंपनीत रिचर्ड केस यांनी तो शिवणयंत्रासाठी काढला. सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ चुकली तर टाका सुटतो; साधा पट्टा घसरतो, म्हणून त्याला दात दिले. १९५४ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या बिल डेव्हिन यांनी तो शर्यतीच्या गाडीत चढवला. पुढे बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग या लहान गावी, पेरणीयंत्रे करता करता स्कूटर आणि मोटारींकडे वळलेल्या हान्स ग्लास कंपनीने १९६१ साली ‘१००४’ ही गाडी लोकांपुढे ठेवली. विक्रीच्या गाडीत कॅमशाफ्ट दातेरी रबरी पट्ट्याने फिरवण्याचे धाडस प्रथम तिने केले. १९६६ साली ती कंपनी बी.एम.डब्ल्यू.ने घेतली, ग्लास हे नाव विरले, पट्टा उरला. त्याच वर्षी फियाटच्या लाम्प्रेदी यांनी आपल्या दुहेरी कॅमशाफ्टच्या इंजिनाला तोच पट्टा लावला. १९८३ साली मारुती ८०० आली आणि हा पट्टा आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

स्वस्त, हलका, आणि मुख्य म्हणजे मुका. या मुकेपणाचेच सर्वांना कौतुक होते. पण तो तुटतानाही मुकाच राहतो, हे कळायला काही वर्षे जावी लागली. पुष्कळ इंजिनांत पट्टा तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात.

“तुझ्या बाबांची गाडी खंबाटकी घाटात अशीच बंद पडली,” मी म्हणालो. “रात्रीचे अकरा वाजले होते. वहिनी गाडीत होत्या आणि तू त्यांच्या पोटात. ट्रकवाल्याने साताऱ्यापर्यंत पोचवले.”

पुतण्या काही बोलला नाही. पाना मात्र त्याने हाती घेतला.

पट्ट्याला तेल सोसत नाही. रबर फुगते, दात सुटतात. कॅमशाफ्टचे टोक जिथे भिंतीतून बाहेर येते, तिथे बोटभर जाडीची रबरी कडी तेल अडवून धरते. हेच ते ऑईल सील. उष्णतेने त्याची धार कडक होते आणि तेल झिरपते. म्हणून पट्टा काढलाच आहे तर सीलही बदलावे. कडी फार महाग नसते. तिथवर पोचण्याची मेहनत मात्र पुन्हा तेवढीच पडते.

आम्ही चाकांवरच्या खुणा जुळवल्या, ताण देणारी चाकी सैल केली, पट्टा उतरवला. जुने सील काढताना शाफ्टवर ओरखडा येऊ द्यायचा नाही, यातच तासभर गेला. नवे सील मी घाईने ठोकले, ते तिरके बसले आणि वाया गेले. दुसऱ्याच्या धारेला पुतण्याने तेल लावले आणि नळाचा तुकडा टेकवून हलक्या हाताने ते सरळ बसवले. नवा पट्टा चढवून त्याला ताण दिल्यावर क्रँकशाफ्ट पान्याने दोन फेरे फिरवला, इंजिन सुरू न करता. दोन्ही खुणा जागच्या जागी आल्या.

मग झाकण लावण्यापूर्वी पुतण्याने रंगाचा डबा शोधून आणला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटरचा आकडा ठळक लिहिला.