शोषखड्डा : कोळवण खोऱ्यातील माती व भूजलाची पारख

सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी जमिनीत सोडण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात : तिथली माती ते पाणी मुरवील का, आणि मुरलेले पाणी पुढे कुठे जाईल. पहिला प्रश्न घर बांधणारा प्रत्येक जण विचारतो. दुसरा सहसा शेजारच्या विहिरीचे पाणी बिघडल्यावर विचारला जातो.

टाकीत मैला तळाशी बसतो, काही अंशी कुजतो. बाहेर येणारे पाणी निवळ दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. त्याची खरी गाळणी म्हणजे शोषखड्ड्याभोवतीची, हवा खेळती असलेली कोरडी माती. ती भिजून गच्च झाली की गाळणे संपते.

कोळवण हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातले गाव, वाळकी नदीच्या खोऱ्यात. खाली सगळा दख्खनचा बेसाल्ट. डोंगरउतारावर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम आणि मग कातळ. सखल भागातल्या भातखाचरांत चिकण माती. भूजल साठते ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत, आणि गावच्या विहिरी त्याच पाण्यावर चालतात. या खोऱ्यातल्या भूजल पुनर्भरणाचा अभ्यास पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रकल्पात केला होता. शोषखड्डा खणणाऱ्यापर्यंत असली माहिती क्वचितच पोचते.

मुरण्याची चाचणी भारतीय मानक २४७० च्या दुसऱ्या भागात (१९८५) दिली आहे. शोषचराच्या (पाणी मुरवण्याच्या लांबट चराच्या) नियोजित खोलीपर्यंत १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचे खड्डे घ्यायचे, एक नव्हे, जागेवर विखरून सहा तरी. पहारीने लिंपल्यासारख्या गुळगुळीत झालेल्या कडा खरवडायच्या, तळाशी ५ सेंटिमीटर बारीक खडी टाकायची आणि पाणी भरून निदान ४ तास, शक्यतो रात्रभर, माती भिजू द्यायची. भिजवणे टाळले तर तहानलेली माती पहिले पाणी घटाघटा पिते आणि आकडा खोटा येतो. नंतर पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो. ६० मिनिटांच्या वर गेल्यास तो नाद सोडून जमिनीवर उचललेल्या गाळणीचा विचार करावा लागतो.

कोळवणात मात्र चाचणीत पास झालेली जागाही फसवू शकते. बांधकामे उन्हाळ्यात होतात, चाचणीही तेव्हाच. मे महिन्यात कोरडा ठणठणीत असलेला खड्डा पावसाळ्यात भूजल वर चढल्यावर खालूनच भरू शकतो. मानकात भूजल जमिनीपासून १.८ मीटरच्या आत आहे की खाली, यावर पद्धत ठरते. ही पातळी भर पावसातली धरायला हवी. जवळच्या विहिरीच्या बांधकामावर उमटलेली पाण्याची रेघ किंवा खड्ड्याच्या मातीतले राखाडी-तांबूस डाग ही तिची साधी खूण.

दुसरा फसवा भाग भेगांचा. मुरमाखाली फुटका कातळ लागला की पाणी झर्रकन उतरते, गवंडी खूश होतो. खरे तर ते गाळले न जाता थेट विहिरीच्या झऱ्याकडे निघालेले असू शकते. पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर अंतर ठेवा असे मानक सांगते. भेगाळ खडकात हा आकडा किमान समजावा, हमी नव्हे. विहीर उताराच्या वरच्या अंगाला आणि शोषखड्डा खालच्या अंगाला ठेवणे, खड्डा उथळ व पसरट घेणे हे उपाय इथे जास्त कामाचे. २०१४ नंतर स्वच्छ भारत मोहिमेत प्रसार झालेल्या दोन खड्ड्यांच्या शौचालयालाही हीच पारख लागू पडते.

शेतघर बांधायला घेतले असेल तर ठेकेदाराला दर विचारण्याआधी शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की ऑगस्टमध्ये विहिरीचे पाणी काठापासून किती हात खाली असते.